बिबड्यांचा डबा

गोडादरा या आमच्या गिरणी कामगारांच्या वस्तीत आम्ही चार-पाच बायकांनी मोफत धान्याचं दुकान सुरू केलं. दुकान म्हणायचं, दान म्हणायचं नाही, हा हट्ट माझा. रांग नाही, फोटो नाही, कुणाचं रेशनकार्ड बघणं नाही. ज्वारी, मूग, शेंगदाणे, अंडी, ताजी भाजी मांडलेली असायची. ज्याला जे हवं ते त्याने आपल्या हाताने घ्यावं. हे मी येणाऱ्या-जाणाऱ्याला इतक्या वेळा ऐकवायची की एकदा नवरा म्हणाला, "लोकांना मान देऊन झाला असेल तर मला जेवायला वाढ."

दुकानात येणाऱ्या एका बाईंचा नवरा पांडेसऱ्यात कापड रंगवायच्या मिलमध्ये होता. मिलने एक पाळी बंद केली आणि तो घरी बसला. बाई दर शनिवारी यायच्या आणि दोन मुलींना पुरेल एवढंच बेतानं घ्यायच्या. एकदा त्यांची पिशवी फाटून शेंगदाणे सांडले, म्हणून मी त्यांना दुकानातला स्टीलचा डबा दिला.

पुढच्या शनिवारी त्या डबा घेऊन आल्या. दुकानात गर्दी होती. त्यांनी झाकण उघडलं. आत ज्वारीचे बिबडे होते, आमच्या खानदेशातले तीळ घातलेले जाडसर पापड, एकावर एक नीट रचलेले.

"ताई, मी करेल शेतस. गच्चीवर."

माझी आईही अशीच खानदेशी बोलायची. मी मात्र जन्मभर शाळेत जी शिकवली त्या मराठीत म्हणाले, "अहो, घरी केलेलं आम्ही इथे ठेवत नाही. नियम आहे."

"दुकान करता नही ताई. तुमना घर करता."

निदान इथे तरी मी तोंड आवरायला हवं होतं. पण माझी दया उतू चालली होती. "मुलींना द्या हो ते. तुमच्याकडेच एवढी ओढाताण, आम्हाला कशाला?" असं म्हणत मी डबा भरलेला तसाच त्यांच्या हातात परत ठेवला. भाजी निवडणाऱ्या दोघी वळून बघायला लागल्या. बाईंनी झाकण लावलं. ते बसेना, म्हणून पुन्हा दाबलं. त्या दिवशी काही न घेताच त्या गेल्या. घाईत असतील, असं मला वाटलं!

पुढचे तीन शनिवार त्या आल्या नाहीत, तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला. शेजारणीचं भांडं रिकामं परत धाडायचं नाही, काही नसलं तर चिमूटभर साखर तरी घालायची, हे मला आईने पाठीत धपाटे घालून शिकवलं होतं. बाई तेवढंच तर करत होत्या. मला त्यांनी शेजारीण मानलं होतं आणि मी चारचौघींत त्यांची गरिबी बोलून दाखवली. आजही ते वाक्य आठवलं की कानशिलं तापतात. लोका सांगे ब्रह्मज्ञान, दुसरं काय. त्या मुली काय खात असतील या विचाराने मला घास उतरेना.

शेवटी मूग, भाजी, अंडी घेऊन मी त्यांच्या खोलीवर गेले. माफी मागायची असं ठरवूनच गेले होते. भर दुपारी धाकटी मुलगी काळ्या चहात पाव बुडवून खात होती.

"बठा ताई, च्या मांडस," बाई म्हणाल्या आणि त्यांनी दुधाचं पातेलं उचललं. तळाशी जेमतेम दोन घोट दूध होतं, मुलींसाठी राखलेलं.

माझ्या तोंडून निघून गेलं, "नको नको, मी आत्ताच पिऊन आले."

पातेलं त्यांनी हळूच खाली ठेवलं. आता माफी कुठल्या तोंडाने मागणार होते? मी पिशवी पुढे केली. ती त्यांनी घेतली, नाही म्हणाल्या नाहीत. घरात दोन मुली होत्या. मग त्यांनी फळीवरून डबा काढला, पदराने पुसला आणि दोन्ही हातांनी माझ्याकडे दिला.

"तुमना डबा ल्या, ताई."

जिना उतरताना मी तो उघडला. घासूनपुसून लख्ख केला होता. आत साखरेचा दाणाही नव्हता.