अक्काचा श्वास, गुरुजींचे मार्क

तुम्हाला कधी कोणी श्वास घ्यायला शिकवलंय का हो? आमच्या अक्काला शिकवलं, वयाच्या साठीत! जालन्यात दवाखान्याच्या व्यायामाच्या खोलीत आम्ही तीन आठवडे जात होतो. घरी परतताना रोज एखादा किस्सा सोबत यायचा. काही हसण्यासारखे, बरेचसे नाही.

अक्का माझी मोठी बहीण, पिंपळगाव रेणुकाईची. तिच्या फुप्फुसात कॅन्सरची गाठ निघाली. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, "आधी श्वासाची ताकद वाढवा. ती पुरली तरच ऑपरेशन." म्हणून ती माझ्याकडं राहायला आली. व्यायामाला तिच्या जोडीला अंबडचे एक रिटायर गुरुजी असायचे. त्यांनाही तशीच गाठ, तीच अट.

*

पहिल्याच दिवशी व्यायाम शिकवणाऱ्या मॅडमनी अक्काच्या हातात एक प्लास्टिकचं यंत्र दिलं. नळीतून हवा आत ओढली की त्यातल्या तीन गोळ्या वर चढतात. अक्कानं गाल फुगवून जोरात फुंकलं. गोळ्या जागच्या हलल्या नाहीत.

"अक्का, ओढायचं! फुंकायचं नाही!"

"चाळीस वर्षं चुलीपुढं फुंकणीच फुंकली माय. आता एकदम उलटं कसं जमंल?"

गुरुजी हसले. "तुम्ही चुलीचा धूर घेतला, मी विडीचा. बसलो बराबर एकाच बाकावर!"

हसता हसता त्यांना खोकला लागला. तो थांबेपर्यंत आम्ही सगळे जमिनीकडं बघत राहिलो.

*

गुरुजींची मार्क द्यायची सवय काही सुटली नव्हती. अक्काचा व्यायाम झाला की खिशातली डायरी काढून दहापैकी मार्क लिहायचे. पहिल्या आठवड्यात दोन!

मी म्हटलं, "गुरुजी, थोडे वाढवा की."

"फुकट बिलकुल न्हाई!"

अक्का म्हणाली, "राहू दे गं. मला शाळेत कुणी घातलंच न्हाई. दोन तं दोन!"

त्या संध्याकाळी तिनं सुनेला फोन करून सांगितलं, "आज मला मार्क पडले."

दुसऱ्या दिवशी तिनं विचारलं, "गुरुजी, तुमचे किती?"

त्यांनी डायरी मिटली. "मास्तरला मार्क नसतात बाई."

*

व्हरांड्यात दोघांना सोबत चालायचं असायचं. सहा मिनिटांत किती फेऱ्या, ते मॅडम लिहायच्या. गोळ्या तर वर चढायला लागल्या होत्या, पण अक्काच्या फेऱ्या काही वाढेनात. रोज गुरुजींच्या जेवढ्या, तेवढ्याच!

मॅडम काळजीत पडल्या. "अक्का, पाय दुखतात का?"

"न्हाई."

"दम लागतो?"

"न्हाई."

"मग?"

अक्कानं पदर सारखा केला. "मोठ्या माणसाच्या पुढं कसं जावं?"

गुरुजी जागच्या जागी थांबले. "म्हंजे माझ्यापायी तुमचं ऑपरेशन अडून राह्यलंय?" त्यांनी भिंतीकडं तोंड केलं. "घ्या. मी इथं न्हाईच समजा. चला जल्दी!"

त्या दिवशी अक्काच्या पाच फेऱ्या जास्त झाल्या. त्या मोजताना मॅडमनी गुरुजींच्या पाठीकडं एकदाही पाहिलं नाही.

*

शेवटी तपासणीचा दिवस आला. डॉक्टरांनी आधी अक्काला बोलावलं. श्वास पुरेसा होता, ऑपरेशन गुरुवारी ठरलं. मग गुरुजी आत गेले. त्यांचा श्वास पुरत नव्हता. आता औषधांवरच भागवायचं, ऑपरेशन होणार नाही.

गुरुजी बाहेर आले तेव्हा अक्का तोंडाला पदर लावून बसली होती.

"रडू नका बाई, दम लागंल."

"गुरुजी..."

"तुमचं कधी ठरलं?"

"गुरुवारी."

"बरं झालं."

मॅडम हळूच म्हणाल्या, "गुरुजी, उद्यापासून तुम्ही एवढ्या लांब रोज नाही आलात तरी चालेल."

त्यांनी मान हलवली, आम्हाला जय भीम केला आणि एसटी स्टँडकडं गेले.

अक्काचा व्यायाम गुरुवारपर्यंत चालूच ठेवायचा होता. दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही पोचलो, तेव्हा गुरुजी अंबडहून पहिल्या एसटीनं येऊन, मांडीवर डायरी उघडून व्हरांड्यात बसलेले होते.