चार्जरसकट वजन

माणूस जिवंत आहे म्हणजे नेमकं काय, हा प्रश्न मानवजातीला फार प्राचीन काळापासून पडलेला आहे. ऋषींनी त्यावर अरण्यात बसून चिंतन केलं, तत्त्वज्ञांनी त्यावर जाडजूड ग्रंथ लिहिले. आमच्या पद्मक्का हा प्रश्न दर नोव्हेंबरात घरोघरी जाऊन साधारण वीस मिनिटांत सोडवायच्या. त्यांना समोरच्याचा एक अंगठा लागायचा आणि खिडकीजवळची जागा, कारण नेटवर्क तिथेच यायचं.

ज्यांना पेन्शन नाही त्यांच्यासाठी थोडा खुलासा करतो. पेन्शन घेणाऱ्याला वर्षातून एकदा, नोव्हेंबरात, आपण अजून जिवंत असल्याचं सरकारला कळवावं लागतं. नाही कळवलं तर सरकार वाईट वाटून घेत नाही. फक्त पेन्शन थांबवतं. पूर्वी त्यासाठी काठी टेकत ट्रेझरीत जावं लागे. आता ठसा घेणारं काडेपेटीएवढं यंत्र लॅपटॉपला जोडलं की काम घरबसल्या होतं. मात्र एकाला घरबसल्या करायचं तर दुसऱ्या कोणाला तरी जिने चढावे लागतात. हुबळीत ते पद्मक्का चढायच्या.

विद्यानगरात त्या आमच्या वरच्या मजल्यावर राहत. ठेंगण्या, सुती साडी, पायात शाळकरी पोरांचे कॅनव्हासचे बूट. धारवाडच्या ट्रेझरीत त्यांनी एकतीस वर्षं काढली होती. लग्न केलं नव्हतं. कोणी कारण विचारलं तर म्हणत, "रजा शिल्लक नव्हती हो." त्यांच्याकडे एक शंभर पानी वही होती. तिच्यात चाळीसेक घरांची यादी आणि प्रत्येक नावापुढे चार रकाने: कितवा मजला, जिना कसा, कुत्रं आहे का, चहाला नाही म्हटलं तर चालतं का.

मोबाईलसमोर नुसता चेहरा धरून, डोळे मिचकावूनही हे प्रमाणपत्र निघतं, हे मी त्यांना एकदा ज्ञान पाजळत सांगितलं.

"ठाऊक आहे की," त्या म्हणाल्या. "पाटील मास्तरांवर करून बघितलं. डोळे मिटा म्हटलं, मिटले. परत उघडा म्हणेपर्यंत घोरायला लागले. आणि त्या मोबाईलवरची अक्षरं मला दिसत नाहीत, ते वेगळंच."

हे सगळं त्या का करतात, ते त्यांनी एकदाच सांगितलं, तेही जिन्यात, किल्ली शोधता शोधता. ट्रेझरीत असताना एका नोव्हेंबरात एक म्हातारे गृहस्थ एक कागद विसरून आले होते. नियमाप्रमाणे पद्मक्कांनी त्यांना सांगितलं, सोमवारी या. "सोमवारी त्यांचा मुलगा आला, बाप गेल्याचं सांगायला," पद्मक्का म्हणाल्या. मग किल्ली सापडली आणि त्या आत गेल्या.

त्यांचा जुना लॅपटॉप बेंगळूरच्या भाच्याने दिलेला होता. भाच्याला त्यावर युद्धाचे खेळ खेळायचे असत, त्यामुळे यंत्र झपाट्याचं होतं आणि वजनाला पोलादी. चार्जरच एका विटेएवढा. पद्मक्का त्याला पाटा म्हणत. "चला, पाटा घेऊन येते," म्हणून निघत आणि संध्याकाळी उजवा खांदा डाव्या हाताने दाबत परत येत. डॉक्टरांनी वजन उचलायला मनाई केली, तेव्हा त्या म्हणाल्या, "बरं, डाव्या खांद्यावर घेईन."

डावा खांदाही दोन वर्षांत गेला आणि मग गंगव्वांचा प्रसंग घडला. गंगव्वांचे यजमान सरकारी शाळेत शिपाई होते. ते गेल्यावर त्यांना थोडी पेन्शन मिळे, शिवाय त्या एका खानावळीला ज्वारीच्या भाकऱ्या करून देत. जुन्या हुबळीत तिसऱ्या मजल्यावर पत्र्याची खोली. गुडघ्यांमुळे त्या चार वर्षांत खाली उतरलेल्या नव्हत्या. त्या वर्षी तीस नोव्हेंबरला, म्हणजे शेवटच्या दिवशी, पद्मक्का पाटा घेऊन तो जिना चढू लागल्या आणि दुसऱ्या मजल्यावर चक्कर येऊन पायरीवर बसल्या. वर गंगव्वा कठड्याला धरून उभ्या. मध्ये सतरा पायऱ्या. एकीला उतरता येईना, दुसरीला चढता येईना.

"ना अदीनि री, अक्का!" गंगव्वा वरून ओरडल्या. मी आहे हो, अक्का!

"मला दिसतंय गं बाई!" पद्मक्का खालून. "पण माझ्या सांगण्याला कोण विचारतो?"

शेवटी गल्लीतल्या कोणीतरी पद्मक्कांना रिक्षात घालून घरी आणलं. गंगव्वांची पेन्शन दोन महिने अडली. नंतर सगळी मिळाली. सरकार पैसे बुडवत नाही. मधल्या दोन महिन्यांत गंगव्वांनी बीपीच्या गोळ्या एक दिवसाआड घेतल्या. हे कळल्यावर पद्मक्का आठवडाभर माझ्याशी धड बोलल्या नाहीत. माझा काही संबंध नव्हता, पण खाली राहणारा माणूस रागावायला सोयीचा पडतो.

पुढच्या दिवाळीच्या आधी दुकानांतून सवलतींच्या पाट्या लागल्या आणि पद्मक्का वर्तमानपत्राची एक घडी घेऊन माझ्याकडे आल्या. एक सडपातळ लॅपटॉप, आदल्या वर्षीचा, चांगल्या सवलतीत. जाहिरातीत एक मुलगी तो दोन बोटांत धरून हसत होती.

मी कॉलेजात इंग्रजी शिकवलेलं असल्यामुळे मला संगणकातलं कळतं असा आमच्या इमारतीत समज आहे. तो मी कधी खोडून काढला नाही. दोन दिवस वाचन करून मी निकाल दिला: हा घेऊ नका. रॅम कमी, प्रोसेसर मरतुकडा. त्याच किमतीत दुप्पट रॅमचा, झपाट्याचा लॅपटॉप मिळतोय. वजन थोडं जास्त, इतकंच.

"रॅम कोणाच्या खांद्यावर?" पद्मक्कांनी विचारलं.

"पण अक्का, गंगव्वांचा विचार करा. भाकऱ्या थापून त्यांच्या बोटांवरच्या रेषा पुसल्यात. ठसा दहादा घ्यावा लागतो. दर वेळी हे यंत्र पाच-पाच मिनिटं विचार करत बसलं तर?"

हा मुद्दा त्यांना पटला. मग मी औदार्याने म्हणालो, "वाटल्यास जड घ्या, मी उचलतो."

"नोव्हेंबरभर? चाळीस घरं?"

मी डायरी उघडून पाहिली. नोव्हेंबरात मला 'सेवा आणि समाज' या विषयावर तीन व्याख्यानं होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या खांद्याला पिशवी लावून तळमजल्यापर्यंत उतरल्या आणि आमच्या दारावरून गच्चीकडे निघाल्या. पिशवीत मोजून सव्वा किलो ज्वारी. गच्चीवरून उतरल्या, पाणी प्याल्या, पिशवीत ज्वारी अडीच किलो केली आणि परत निघाल्या. मी दारात वर्तमानपत्र वाचत असल्याचं दाखवत पावलं मोजत होतो. पहिल्या खेपेला त्या एकदा थांबल्या होत्या. दुसऱ्या खेपेला पहिल्या मजल्यावर थांबल्या, दुसऱ्यावर थांबल्या आणि मग बराच वेळ काहीच ऐकू आलं नाही. मी चष्मा काढून उठतोय तोच त्या खाली आल्या. चेहरा पांढरा पडला होता.

"सर, तुमचा मुद्दा बरोबर आहे," त्या धापा टाकत म्हणाल्या. "जड यंत्र ठसा लवकर घेईल. पण ते दुसऱ्या मजल्यावर बसून घेईल. गंगव्वा तिसऱ्यावर असते."

दुकानात आम्ही दोघं गेलो. विक्रेता टाय लावलेला, विनम्र. त्याला खोटं बोलायचं नव्हतं.

"मॅडम, हलका आहे, पण परफॉर्मन्स सो-सो. यात व्हिडिओ एडिटिंग होणार नाही."

"मला कोणाला एडिट करायचं नाही. आहेत तसेच दाखवायचेत."

मग त्यांनी पर्समधून ताणकाटा काढला, रद्दीवाला आला की त्या वापरत तो. विक्रेत्याने व्यवस्थापकाकडे पाहिलं, व्यवस्थापकाने छताकडे. लॅपटॉप पिशवीत घालून आकड्याला टांगला. जाहिरातीतलं वजन खरं निघालं.

"आता चार्जर घाला."

"मॅडम, चार्जर वेगळा धरतात."

"वेगळा धरला तरी हात माझाच की. नवरी नाजूक आहे हो, पण बरोबर करवली येते ती बघू द्या."

चार्जरसकट वजन एक किलो शंभर ग्रॅमच्या थोडं पुढे गेलं. पद्मक्कांनी मान डोलावली. विक्रेत्याने खूश होऊन फुकट मिळणारी काळी बॅग पुढे केली. त्यांनी ती एका हाताने तोलली आणि परत ठेवली. "यात लॅपटॉप घालायची गरज नाही, ही रिकामीच जड आहे."

त्या नोव्हेंबरात, दोन व्याख्यानांच्या मधल्या एका दुपारी, मी त्यांच्याबरोबर गंगव्वांकडे गेलो. सतरा पायऱ्यांपाशी पद्मक्का थांबल्या नाहीत. थांबलो तो मी. खोलीत चुलीची धग, परातीत पीठ. पद्मक्कांनी खिडकीजवळ स्टूल ओढून लॅपटॉप उघडला आणि तो विचार करू लागला.

"एळव्वा, एळ," पद्मक्का त्याला गोंजारत म्हणाल्या. ऊठ गं बाई, ऊठ. दहा मिनिटांनी तो उठला. गंगव्वांनी उजवा अंगठा ठेवला. नाकारला गेला. पान पुन्हा पहिल्यापासून. तेवढ्यात गंगव्वा एक भाकरी थापून आल्या, त्यामुळे दुसऱ्या वेळी अंगठ्यावर पीठ.

"हात धू म्हटलं ना!"

"तुमची म्हैस उठेपर्यंत खानावळीचा माणूस थांबतो होय, अक्का?"

उजवा अंगठा गेला, डावा गेला, दोन्ही तर्जन्या गेल्या. कोमट पाण्याने हात धुतले, पदराने पुसले. मी मनातल्या मनात माझ्या दुप्पट रॅमचं स्मरण करत होतो आणि सभ्यतेने काही बोलत नव्हतो. सव्वा तासाने पडद्यावर हिरवी खूण आली. सरकारी दृष्टीने गंगव्वा डाव्या अनामिकेपुरत्या जिवंत होत्या, पण तेवढं पुरतं.

"आतु?" गंगव्वांनी विचारलं.

"आतु. झालं. गोळ्या दाखव आता." पद्मक्कांनी फळीवरचं गोळ्यांचं पाकीट उतरवून रिकामी घरं मोजली, तारखेशी ताडून पाहिली आणि मगच चहाला हो म्हणाल्या. वहीत गंगव्वांच्या नावापुढे चौथ्या रकान्यात 'नाही चालत' असं लिहिलेलं होतं.

असे त्यांनी त्या लॅपटॉपवर तीन नोव्हेंबर काढले. एका ज्येष्ठांच्या मंडळाने त्यांचा सत्कार ठरवला. शाल, श्रीफळ आणि संगमरवरी पायावर बसवलेलं मोठं सन्मानचिन्ह. अध्यक्षांनी ते हातात दिलं तेव्हा पद्मक्का माईकमध्ये म्हणाल्या, "हे घरापर्यंत कोण आणणार?" ते अजून मंडळाच्या कपाटात आहे.

गेल्या उन्हाळ्यात त्या झोपेतच गेल्या. शोकसभा झाली. वक्त्यांनी त्यांना दीपस्तंभ म्हटलं, वटवृक्ष म्हटलं. एकाने सांगितलं की अक्कांनी संथ लॅपटॉप मुद्दाम निवडला होता, तो उघडेपर्यंत एकाकी वृद्धांना दोन शब्द बोलता यावेत म्हणून. लोकांनी डोळे पुसले. ही गोष्ट साफ खोटी आहे. त्या संथपणाचा त्यांना भयंकर संताप यायचा. त्यांनी लॅपटॉपला कानडीत ज्या शिव्या दिल्या त्या मी इथे लिहीत नाही. तो निवडला कारण तो घेऊन वर पोचता येत होतं. शोकसभेत मीही बोललो. माझं भाषण बरं झालं असं सांगतात. पण खरं सांगायचं तर बोलताना मला सारखं वरच्या मजल्यावर कॅनव्हासचे बूट वाजल्यासारखं वाटत होतं आणि दोनदा वाक्य सुटलं.

भाचा येऊन घर आवरून गेला. लॅपटॉप बेंगळूरला न्यायच्या लायकीचा नाही म्हणून तो आणि वही त्याने माझ्याकडे ठेवली. ऑक्टोबरच्या शेवटी गंगव्वांचा फोन आला. आधी त्या बराच वेळ रडल्या. मग त्यांनी विचारलं, "सर, अक्कांचं ते यंत्र कोणाकडे आहे?"

"माझ्याकडे."

"मग कोण येणार?"

माझ्यासमोर व्याख्यानाची टिपणं होती. विषय यंदा 'त्यागाचं तत्त्वज्ञान'. मी ती उलटी करून ठेवली आणि म्हणालो, "मी येतो, अव्वा. दर वर्षी येईन."

नोव्हेंबरच्या पहिल्या सोमवारी गेलो. तिसऱ्या मजल्यावर पोचायला मला चोवीस मिनिटं लागली, त्यातली नऊ पायरीवर बसून. गंगव्वा वरून दोनदा विचारून गेल्या, "सर, यंत्र फार जड आहे का हो?" यंत्राचा काही दोष नाही. माझं वजन शहाऐंशी किलो आहे.