चार नंबरची वही

रणगाड्याची दोन बोटं गेली तेव्हा मी शेजारच्याच मशीनवर होतो, आणि मी काही पाहिलं नव्हतं. हे आधीच सांगून टाकतो, कारण त्यानंतर तासाभरात मी 'पाहिलं' म्हणून सही केली.

आमचा कारखाना बिजागऱ्यांचा. लांबट शेडमध्ये सहा पॉवर प्रेस. काम सोपं होतं. पत्र्याचा तुकडा डायवर, म्हणजे खालच्या साच्यावर, ठेवायचा, पायाने पेडल दाबायचं, वरचा लोखंडी ठोकळा कोसळायचा, तो वर गेला की तयार तुकडा हाताने काढून घ्यायचा. दिवसातून तीन-चार हजार वेळा. ठोकळा वर जाऊन थांबला की आत खटका बसल्याचा 'टक' असा बारीक आवाज यायचा. तो आपल्याला ऐकू येतो, हेही आम्ही विसरून गेलो होतो.

रणगाडा हे आम्हीच ठेवलेलं नाव. आडवा येईल त्याला तुडवत जाणारा माणूस. जेवणाच्या रांगेत कुणी मध्ये घुसला म्हणून त्याने एकदा त्याचं डोकं टेबलावर आपटलं होतं, आणि मग शांतपणे स्वतःचं ताट घेतलं होतं. त्याच्या आधी चार नंबरच्या मशीनवर एकाचा अंगठा गेला, तेव्हा सगळ्यांत मोठ्याने हाच हसला होता. "कच्चा गडी! पेडल दोनदा दाबतो आणि मशीनच्या नावाने रडतो." हसायचो आम्ही सगळेच. न हसता दुसऱ्या दिवशी त्या स्टुलावर बसायचं कसं?

मग तो स्वतः चार नंबरवर आला. आठवड्याच्या सुट्टीनंतरची सकाळ होती. माझ्या गालावर काहीतरी गरम उडालं. वळून पाहिलं तर तो स्टुलावर तसाच बसलेला, आणि डायमध्ये बिजागरीबरोबर त्याच्या उजव्या हाताची तर्जनी आणि मधलं बोट चपटं झालेलं. तो ओरडला नाही. डाव्या मुठीने मशीनला बुक्के मारत सुटला. चौघांनी धरून बाहेर काढला तेव्हा डावा हातही सोलून निघाला होता.

सुपरवायझरने अपघाताचं रजिस्टर उघडलं आणि नेहमीचं वाक्य लिहिलं : 'कामगाराच्या निष्काळजीपणामुळे.'

"ए मुक्या, तू शेजारी होतास ना? त्याचा पाय पेडलवर होता की नाही?"

"असेल."

"असेल काय? होता. कर सही."

मी केली. मुक्या म्हणतात मला, ते उगीच नाही. समोरच्याला नाही म्हणणं मला आयुष्यात जमलेलं नाही.

दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी रणगाड्याला एक वही दिली. उरलेल्या बोटांत जोर यायला हवा, म्हणून अंगठा आणि अनामिकेत पेन धरून रोज एक पान लिहायचं.

"काय लिहू?"

"काहीही. हाताला काय कळतंय!"

शाळेनंतर त्याने पेन धरलं होतं ते फक्त पगाराच्या सहीपुरतं. पहिला आठवडा त्याने औषधाच्या बाटलीवरचा मजकूरच उतरवून काढला. 'वापरण्यापूर्वी हलवा' हे चार पानं भरून. घरी मात्र त्याचा नुसता उद्रेक चालला होता. आरसा फोडला, स्टोव्ह भिंतीवर फेकला, आणि एक दिवस त्याच्या बायकोने, म्हणजे आमच्या वहिनींनी, जेवायला हाक मारली एवढ्यावरून डाव्या हाताने त्यांना अशी थोबाडीत मारली की कानातून रक्त आलं. इतक्या वर्षांत घरात हात उचलला नव्हता. तो क्षणभर स्वतःच्या हाताकडे बघत राहिला, म्हणे. मग सगळ्याचा दोष सुपरवायझरवर ढकलून त्याने कोपऱ्यातला लोखंडी दांडका उचलला.

वहिनी कानावर पदर धरून दारात उभ्या राहिल्या.

"आजचं पान झालं का?"

"बाजूला हो. आज त्याचा मुडदाच पाडतो."

"पाडा की. मी कुठे अडवतेय? पान लिहा आणि मग पाडा. बाईंनी रोज सांगितलंय. नागा नको."

हे इतकं अनपेक्षित होतं की तो खरंच बसला. दांडका मांडीवर ठेवून त्याने वही उघडली, आणि त्या दिवशी पहिल्यांदा स्वतःचं काहीतरी लिहिलं. सुपरवायझरला तो कसा मारणार, ते. दार कसं वाजवणार, पहिला घाव गुडघ्यावर, दुसरा मनगटावर, मग तोंड. बोटं दुखायला लागली तरी थांबला नाही. तीन पानं झाली. चौथ्या पानावर पोलीस येतात, त्याला घेऊन जातात. आणि त्यानंतर एक वाक्य : 'सकाळी आठ वाजता चार नंबरवर मुक्या बसेल.'

तिथे तो अडकला. माणूस मारून झाला होता आणि मशीन तसंच होतं.

त्याच संध्याकाळी तो माझ्या दारात उभा राहिला. एका हातात दांडका, दुसऱ्यात वही.

"मुक्या, माझा पाय पेडलवर होता?"

"मी... मी पाहिलं नाही."

"मग सही?"

त्याने दांडका उगारला आणि माझी खुर्ची अशी फोडली की तिचा एक तुकडा उडून खिडकीची काच गेली. मग मोडक्या खुर्चीशेजारी जमिनीवर बसला आणि वही उघडून म्हणाला, "सांग परत. 'पाहिलं नाही.' हळू सांग, मला वेळ लागतो."

त्यानंतर दोन महिने त्याला बिजागऱ्या निवडायच्या कामावर बसवलं होतं, आणि सुटल्यावर तो बोटं गेलेल्यांच्या घरी जायचा. ज्यांना हसला होता त्यांच्याच. अंगठेवाल्याने दार त्याच्या तोंडावर आपटलं. दुसऱ्या खेपेला तो आत घुसला तेव्हा अंगठेवाल्याने धड हाताने त्याच्या नाकावर ठोसा दिला. नाकातून रक्त गळत असताना रणगाडा म्हणाला, "हा झाला माझा हिशेब. आता सांग, त्या दिवशी काय काय झालं?" त्या पानावर अजून डाग आहे.

अकरा जणांची हकीकत झाली. बोलताना प्रत्येक जण निराळंच सांगायचा, शिव्या देत, रडत. पण पानं शेजारी शेजारी ठेवल्यावर दिसायला लागलं. अकरांतले आठ चार नंबरवरचे. आठांतले सहा सुट्टीनंतरच्या पहिल्या तासातले. आणि तिघांनी, एकमेकांना न भेटता, एकच गोष्ट सांगितली होती : ठोकळा वर गेला, पण 'टक' आलं नाही. त्याने डोळे मिटून स्वतःची सकाळ आठवली. त्यालाही ते ऐकू आलं नव्हतं.

कारखान्यात सगळे त्याला लेखकराव म्हणून चिडवायला लागले. "लेखकराव, आमच्या बायकोवर लिहा काहीतरी!" एरवी अशा बोलण्यावर दात पडले असते. तो म्हणायचा, "ती सांगेल तुझ्याबद्दल, तेव्हा लिहीन."

सुपरवायझरने त्या अकरा जणांची पानं चाळली आणि वही टेबलावर फेकली. "दोनदा दाबलं तर दोनदा पडणारच." तेव्हा रणगाडा सुट्टीच्या आदल्या दिवशी थेट मालकांच्या केबिनबाहेर जाऊन उभा राहिला. "परवा सकाळी आठला शेडमध्ये या. नाही आलात तर उचलून आणीन." मालक आले. बहुधा उचलून आणेल याची खात्री असल्यामुळे.

चार नंबरवर आता मी बसत होतो. वहीतल्या अकरा जणांचं सगळं मला ठाऊक होतं. रणगाडा म्हणाला, "काठीने तुकडे काढा आणि बघत राहा." सुपरवायझर हसला.

"काठीने काय दिसणार? रोज जसं चालतं तसं चालू द्या. मुक्या, बस रे."

मी बसलो. सांगितलं ना, मला नाही म्हणता येत नाही. पत्रा, पेडल, ठोकळा, टक, हात. पत्रा, पेडल, ठोकळा, टक, हात. माझा शर्ट पाठीला चिकटला होता. रणगाडा माझ्या मागे उभा राहून मान तिरकी करून ऐकत होता. पन्नास झाले, शंभर झाले. मालक घड्याळ बघायला लागले.

"झालं समाधान?" सुपरवायझर म्हणाला.

मी पेडल दाबलं, ठोकळा पडला, पाय काढला, ठोकळा वर गेला, मी तुकड्यासाठी हात घातला, आणि त्याच क्षणी कमरेखालचं स्टूल नाहीसं झालं. रणगाड्याने लाथ मारली होती. मी उताणा पडलो, पडताना तोंड शेजारच्या पेटीच्या कडेवर आपटलं आणि पुढचे दोन दात तुटल्याचा आवाज डोक्यात घुमला. खाली पडल्या पडल्या मला दोन गोष्टी दिसल्या. माझे दोन्ही पाय हवेत होते. आणि ठोकळा दुसऱ्यांदा कोसळला.

शेडमध्ये सगळ्यांनी माझे ते पाय पाहिले. मालकांनीसुद्धा.

मग रणगाड्याने सुपरवायझरचा गळा धरला. त्याला भिंतीवर दाबलं, आणि तीन बोटांची ती मूठ वर गेली. कुणीही पुढे झालं नाही. सुपरवायझरचा चेहरा काळानिळा पडत चालला. मला वाटलं, आज संपलंच.

"किती वाजले?" रणगाड्याने विचारलं.

"अं?"

"घड्याळ आहे ना हातात? वाजले किती?"

"आठ... आठ वीस."

त्याने गळा सोडला, खिशातून वही काढली, भिंतीला टेकवली आणि लिहायला लागला. सुपरवायझर खाली बसून खोकत होता. लिहून झाल्यावर वही आधी माझ्यापुढे आली. तोंडातलं रक्त पुसून मी सही केली. या वेळी मी पाहिलं होतं.

मशीन उघडलं तेव्हा खटक्याची स्प्रिंग मोडलेली निघाली; सुट्टीत वंगण घट्ट झालं की खटका नीट बसत नसे, मशीन तापलं की बसायचा. मोडलेल्या जागी गंज चढला होता, म्हणजे मोडून किती दिवस झाले होते देव जाणे. अपघाताचं रजिस्टर मालकांनी रणगाड्याच्या हातात दिलं, आणि पुढची पंधरा वर्षं मशीन ठीक आहे की नाही हे तो रोज सकाळी ऐकून, बघून लिहायचा. त्याने लिहिल्याशिवाय कुणी स्टुलावर बसत नसे. दुसऱ्या कारखान्यांतूनही बोलावणी यायची. त्या पंधरा वर्षांत आमच्या शेडमध्ये एक नख गेलं, बोट एकही नाही.

तो काही साधू झाला नाही. एकदा रस्त्यात एका रिक्षावाल्याचं नाक फोडलंच, आणि घरी येऊन लिहिलं, 'चूक माझी.' वहिनींवर मात्र पुन्हा हात उचलला नाही. त्यांना त्या कानाने कमीच ऐकू येतं. "आता सगळी मारामारी पानावर करतात," त्या म्हणायच्या, "भांडी टिकतात."

गेल्या वर्षी तो गेला. वहिनींनी पहिली वही माझ्याकडे दिली. सुपरवायझरच्या खुनाची ती पानं मी तेव्हा प्रथमच पूर्ण वाचली. चौथ्या पानावर, पोलीस येण्याच्या आधी, आणखी एक ओळ होती, जी त्याने मला कधी सांगितली नव्हती :

'वाटेत मुक्याकडे. त्याला जास्त नाही. दोन दात.'

ओळीपुढे नंतर कधीतरी, दुसऱ्या शाईने, काम झाल्याची खूण केली होती. शेजारी त्या सकाळची तारीख, आणि वेळ आठ वीस.