तीन बोटांची खूण

घाबरण्यात सुनंदा घरत कुणाला हार जायची नाही. गॅसची नळी, हायवे ओलांडणं, डॉक्टरांनी बोलता बोलता चष्मा काढणं, तिला सगळ्याचीच धास्ती. उरणच्या मिठागरात वाढलेली ही बाई लग्न होऊन पनवेलला आली, तेव्हा नवऱ्याच्या भट्टीलाही भ्यायची. पण आजची भीती वेगळी होती. मुंबईच्या एका गॅलरीतून हेतल नावाची मुलगी प्रदर्शनासाठी वाडगे निवडायला येणार होती, आणि हेतलला म्हणे भांडं हातात घेतलं की ते कुणाच्या हातचं आहे ते कळायचं.

सुनंदाचा नवरा कमलाकर याच्या मातीच्या वाडग्यांचं जाणकारांत मोठं नाव. कर्नाळ्याच्या वाटेवरच्या शेडमध्ये त्याने उभा जन्म घालवला. चाकावर तो बसायचा; भाजलेला वाडगा ग्लेझच्या, म्हणजे काचेसारख्या लेपाच्या, बादलीत बुडवायचं काम पहिल्यापासून सुनंदाचं. तळाशी तीन बोटांनी धरायचा, बुडवायचा, उचलायचा. बोटांखाली लेप बसत नसे, तिथे तीन उघडे ठिपके राहायचे. ते पुसून काढावेत असं दोघांनाही कधी सुचलं नाही.

दोन वर्षांपूर्वी कमलाकरचे हात थरथरू लागले, नजरही अंधुक झाली. डॉक्टर म्हणाले, चाक सोडा. झालं! हा माणूस भिंतीकडे तोंड करून निजला तो उठेचना. पेजसुद्धा नको. सुनंदाची पाचावर धारण बसली. "एकदा बसून तर बगा," असं विनवून तिने त्याला चाकावर बसवलं. वाडग्याचा पार लगदा झाला; त्याच्या अंधुक नजरेला तो धड दिसला नाही, तिने चटकन वर ओलं फडकं टाकलं. दुपारी त्याचा डोळा लागल्यावर तिने स्वतःच एक वाडगा काढला, त्याच फडक्याखाली ठेवला आणि कमलाकरचा लगदा मातीच्या टबात परत टाकून दिला. वर्षानुवर्षं समोर बसून पाहिलेलं तिच्या हातात कधी उतरलं होतं, देव जाणे. संध्याकाळी कमलाकरने फडकं उचलून वाडगा चाचपला.

"बग, हात इसरलं नाय अजून," तो म्हणाला, आणि पोटभर जेवला.

तेव्हापासून रोजचा हाच लपंडाव.

हेतल आली, गोड बोलली, चहा प्यायली. मग टेबलावरचा एकेक वाडगा उलटा करून बघू लागली. कमलाकर खुर्चीत बसलेला, सुनंदा पदर पिळत दाराशी उभी. आता ही पोरगी तोंड उघडणार आणि आपला माणूस पुन्हा भिंतीकडे तोंड करणार, ह्या वेळी कायमचं. दुसरं काही तिच्या डोक्यात शिरतच नव्हतं.

हेतलने तळाच्या ठिपक्यांवर आपली तीन बोटं टेकवली. बरोब्बर बसली.

"ही सरांची खूण! आकाराची कॉपी कुणीही करेल, बोटं कुठून आणणार? बारीक आहेत ना बोटं सरांची. सगळे कलेक्टर ह्यावरूनच ओळखतात."

सुनंदाला कळायलाच वेळ लागला. इतकी वर्षं ही शहाणी माणसं तिच्या बोटांवरून तिच्या नवऱ्याला ओळखत होती! तिला हसू फुटायचंच बाकी होतं. वाडगे एकामागून एक पास होत गेले आणि तिचा जीव भांड्यात पडला.

मग हेतलच्या हाती एक वेगळाच वाडगा आला. एका अंगाला कललेला, कडेला जाड. गेल्या महिन्यात सुनंदा मलेरियाने पडली होती, तेव्हा कमलाकरने हट्टाने सगळं एकट्याने केलं होतं, ग्लेझसकट. त्यातला एवढाच जगला होता. हेतलने बोटं ठेवून पाहिली. ठिपके मोठे, लांब लांब.

"हा सरांचा नाही. कुणीतरी नक्कल केलीय." तिने तो बाजूला सारला.

कमलाकर खुर्चीतून अर्धा उठला. "नाय कसा? यो मीच केला हाय."

"सर, होते कधी कधी आठवणीची गडबड," हेतल समजुतीने म्हणाली.

कमलाकर खाली बसला. आपले थरथरणारे हात त्याने मांडीवर पालथे घातले आणि कुणाकडे बघेना.

सुनंदा गप्प राहिली तर प्रदर्शन होईल, नाव राहील, फक्त त्याचा स्वतःचा एकुलता वाडगा त्याचा राहणार नाही. बोलली तर दोन वर्षांचं सगळं उघडं पडेल. पदर तोंडाशी धरूनच ती बोलली.

"ठिपकं माजं हायत, बाय. पयल्यापासून मीच बुडवतंय. नि टेबलावरचं सगलं वाडगं पन माजंच. ह्यांच्या हातचा तो एकच हाय."

कमलाकरने हात पुढे केला, तसा हेतलने तो वाडगा त्याला दिला. त्याने तळाशी बोटं लावली.

"कवापासून?" त्याने सुनंदाला विचारलं.

"तुमी निजून होतात ना, तवापासून."

तो ठिपक्यांवरून बोटं फिरवत राहिला. सुनंदाने डोळे घट्ट मिटून घेतले.

"उद्यापासून," तो म्हणाला, "माज्या वाडग्याला हात नको लावू. वाकडा तं वाकडा."

म्हणजे उद्याही हा चाकावर बसणार! सुनंदा दारातच मटकन खाली बसली.