गेंड्याच्या पिल्लाशी न बोललेला माणूस

भावजी एकतीस वर्षं प्राणिसंग्रहालयात गेंड्यांकडे कामाला होते. मी त्यांची मेहुणी, म्हणजे चेष्टा करायचा हक्क माझा, आणि तो मी पुरेपूर वापरला. दोनदा साबण लावूनही त्यांच्या अंगाचा वास जात नसे. "काय भावजी, आज गेंडा खिशात घालून आणलात की काय?" असं मी दारातच विचारायची. ते नुसते हसायचे आणि पानावर बसायचे. घरात त्यांच्या तोंडातून शब्द फुटणं मुश्कील. सगळं बोलणं तिकडे ठकीशी संपवून येतात, असं ताई म्हणायची.

ठकी म्हणजे त्यांची लाडकी गेंड्याची मादी. ताई तिला 'माझी सवत' म्हणायची. ठकी जन्मली त्याच दिवशी तिच्या आईनं तिला ढुशी मारून लांब केलं. जंगलात असे गेंडे थोडेच उरलेले. त्यामुळे हे पिल्लू जगावं, मोठं व्हावं आणि पुढे तिलाही पिल्लं व्हावीत, यासाठी सगळा आटापिटा होता. डॉक्टरांनी तिला भावजींच्या हाती सोपवलं. दर दोन तासांनी बाटली, कोमट पाण्यानं अंग पुसणं, आणि मधल्या वेळात पेंढ्यात तिच्याशेजारी बसून गप्पा मारणं. ताईचा मुलगा तेव्हा तीन वर्षांचा होता. "याला कधी इतकं जवळ घेतलं नाही गं," ताई मला म्हणाली. मी म्हटलं, "हा साठ किलोचा असता तर घेतलं असतं!" आणि स्वतःच खो खो हसले. ताई हसली नव्हती, हे मला फार उशिरा आठवलं.

तिथला नियम साधा होता. पिल्लू पाच महिन्यांचं झालं की त्याला दुसऱ्या गेंड्यांशेजारी हलवायचं आणि बाटली पाजणारा माणूस दर आठवड्याला बदलायचा. नाहीतर पिल्लू माणसालाच आपलं समजून बसतं. भावजींना हे तोंडपाठ होतं. तरी पाचव्या महिन्यात त्यांनी रोजच्या नोंदवहीत लिहिलं, 'पिल्लू अशक्त. तीन आठवडे थांबावं.' तीन आठवडे संपल्यावर पुन्हा तेच लिहिलं. अशक्त कसली, त्याच आठवड्यात तिनं धडक मारून दाराची कडी वाकवली होती. पण भावजींच्या नोंदीवर कोण शंका घेणार? असं करता करता वर्ष उलटलं.

ठकी मोठी झाली. नर आणला, तर त्याच्याकडे पाठ करून ती भावजींच्या जाळीशी जाऊन उभी. दुसरा आणला, तीच तऱ्हा. माजावर आली की जाळीला अंग घासायची आणि भावजींकडे बघून मांजराच्या पिल्लासारखी चिं चिं करायची. लोकांना त्याची गंमत वाटायची. मलाही वाटायची. "भावजी, मागणी आलीय, ताईला विचारून घ्या," असं मी म्हणायची.

तिसरा नर फार लांबून आणला. या वेळी डॉक्टरांनी भावजींना चाळीस दिवस घरी बसवलं. तिच्या नाकाला यांचा वास नको, कानाला आवाज नको. ताईला दोन दिवस आनंद झाला. तिसऱ्या दिवसापासून भावजी घरातल्या सगळ्या सुऱ्यांना धार लावत बसले. अडतिसाव्या दिवशी डॉक्टर स्वतः आले आणि खुर्चीच्या कडेवर टेकले.

"दारापासून हलत नाही ती. खाणंही सोडलं, म्हणून तपासली," ते म्हणाले. "गर्भाशयात गाठी आहेत. वेळेवर पिल्लं झाली नाहीत की होतं असं. आता तिला पिल्लू व्हायचं नाही."

भावजींनी हातातली सुरी खाली ठेवली. मग म्हणाले, "ती अशक्त नव्हती, डॉक्टर. लहानपणी. मी खोटं लिहिलं होतं."

"पण का?"

"वाटलं, अजून थोडे दिवस."

मला इतका संताप आला! जन्मभर मी ज्याची चेष्टा करत आले, ते हे होतं? मी पाणी आणायच्या निमित्तानं आत गेले आणि रडले. कुणासाठी रडले, तेव्हा कळलं नाही. ठकीसाठीच असणार.

दोन वर्षांनी दुसऱ्या एका मादीनं पिल्लू जन्मताच टाकून दिलं. डॉक्टर पुन्हा दारात. जगवावं तर यांनीच, दुसऱ्या कुणाला ते जमणारं नव्हतं. भावजींनी आधी जाड ताडपत्री टांगून घेतली. बाटलीच्या बोंडापुरतं भोक पाडलं. मोठ्या गेंड्यांच्या शेणानं माखलेला कोट घालून ते पलीकडे बसायचे आणि तोंडातून अवाक्षर काढायचे नाहीत. पिल्लाला नावही ठेवलं नाही. तुंबलेलं सगळं बोलणं घरी यायचं. ताईच्या चहात साखर जास्त असते, हे तिला लग्नानंतर सव्वीस वर्षांनी कळलं. पाच महिने भरले त्या दिवशी त्यांनी नोंदवहीत लिहिलं, 'पिल्लू सशक्त. आजच हलवावं.'

निवृत्तीच्या दिवशी सकाळीच त्यांनी किल्ल्या जमा केल्या. दुपारी आम्हा दोघींना घेऊन गेले आणि लोकांच्या गर्दीत कठड्याशी उभे राहिले. पिल्लू एका मोठ्या मादीला चिकटून चिखलात लोळत होतं. भावजींनी घसा खाकरून पहिल्यांदाच त्याला हाक मारली, "ये, ये, बाळा." पिल्लाचा एक कान हलला. मग ते पुन्हा चिखलात लोळायला लागलं.

"ओळखलं नाही," भावजी म्हणाले. "जमलं." आणि डोळे पुसायला लागले.

तेवढ्यात पलीकडच्या आवारातून चिं चिं सुरू झाली. ठकीनं आवाज ऐकला होता. ती आपल्या दाराशी येऊन उभी होती, रोज भावजी दार उघडायचे तेव्हा यायची तशी. भावजींनी सवयीनं खिसा चाचपला, आणि हात तसाच खिशात राहिला.

"जा," ताई म्हणाली. "बोला तिच्याशी."

ते गेले. आम्ही दोघी बाकावर बसून राहिलो. संग्रहालय बंद व्हायची घंटा झाली, तेव्हा मी त्यांना बोलवायला गेले. जाळीला कपाळ टेकून ते तिला पुन्हा पुन्हा समजावत होते, की उद्यापासून मी येणार नाही.