खडीतली रांगोळी

नवरा विहीर खणताना सुरुंग उडून गेला तेव्हा मी एकवीस वर्षांची होते. रडू आलंच नाही. आला तो संताप. विहिरीवर, देवावर, "सांभाळ गं बाई" म्हणत डोळे पुसणाऱ्या बायांवर, सगळ्यांवर.

आमच्या गल्लीत रांगोळीवाली यायची, डोक्यावर पाटी घेऊन ओरडत. आमचं दार आलं की गप्प व्हायची आणि पुढच्या दारी पुन्हा सुरू. माहेरी मी तीस तीस ठिपक्यांच्या रांगोळ्या एका दमात काढायचे. आता मी चिमूटभर मागायचीसुद्धा नाही! का, तर नवरा मेला. अहो, मेला तो. माझे हात नव्हते मेले.

पुढच्या वर्षी बाहत्तरचा दुष्काळ पडला. नेवाशाच्या अलीकडे रस्त्याचं काम निघालं आणि मी नि सासू खडी फोडायला जाऊ लागलो. सासूला मी आत्याबाई म्हणायचे. त्याही विधवा, नवरा माझा रांगत होता तेव्हापासून. बोलणं कमी आणि जरब फार.

एके दिवशी माझ्या हातोड्याखाली एक काळा धोंडा उकलला आणि आतून निघाला पांढराशुभ्र शिरगोळा. ह्याचीच तर रांगोळी करतात! बाकीच्या बाया तो फेकून द्यायच्या, खडीत चालत नाही म्हणून. मी पदरात बांधला. घरी वरवंट्यानं कुटला, लुगड्याच्या फडक्यातून चाळला आणि सकाळी दारापुढे बसले. सड्याला पाणी कुठलं असणार? नुसतं झाडून घेतलं. चिमटीतून पहिली रेघ सुटली आणि मी रडायला लागले. वर्षभराचं रडले, पण हात थांबवला नाही. उठले तेव्हा फार हलकं वाटत होतं.

आत्याबाई बाहेर आल्या, बघितलं आणि पायानं सगळं विस्कटून टाकलं.

"रंडकीनं दारात रांगोळी काढायची न्हाई. कळत न्हाई का तुला?"

कळत होतं की. म्हणून तर दुसऱ्या दिवशी पुन्हा काढली. त्यांनी पुसली. मी काढली. दहाबारा दिवस आमचं हेच चाललं होतं. शेजारची बाई रोज कोपऱ्यावर उभी राहून बघायची आणि कामावर जाऊन सगळ्यांना तिखटमीठ लावून सांगायची. हळूहळू बाया आमच्याजवळ बसेनाशा झाल्या. आत्याबाईंना आयुष्यात कुणी नाव ठेवलं नव्हतं. त्यांना ते फार लागलं.

"उद्या काढलीस तर माहेरी धाडीन," त्या म्हणाल्या. "पुन्हा ह्या घरात पाय ठिवायचा न्हाई."

माहेरी भावाच्या दारात आधीच खाणारी तोंडं उदंड. तिथं माझं काय होणार हे मला ठाऊक होतं. तरी सकाळी मी आधी गाठोडं बांधून उंबऱ्यावर ठेवलं आणि मग बसले. जायचंच आहे तर अख्खं अंगण भरून जाईन, म्हटलं. उरलीसुरली सगळी पांढरी भुकटी त्यात घातली.

आत्याबाई आल्या. गाठोडं बघितलं. पाय उचलला आणि तसाच खाली ठेवला, रांगोळीच्या बाहेर. बराच वेळ बघत राहिल्या.

"चौथ्या वळीत ठिपका ऱ्हायलाय. पाकळी मिटत न्हाई."

"मग पुसा की. पुसायचीच हाय ना?" मीही फणकारले.

त्या खाली बसल्या. माझ्या हातातली वाटी ओढून घेतली, ठिपका दिला, पाकळी मिटवली आणि थांबल्याच नाहीत. बाजूनं वेल सुरू केली. काय हात होता बाईचा! रेघ कुठं जाड नाही, कुठं तुटत नाही. इतकी वर्षं हे कुठं ठेवलं होतं यांनी?

"न्हाई गं इसरला हात," त्या म्हणाल्या. मला नाही, स्वतःच्या हाताकडेच बघून.

कोपऱ्यावर शेजारीण येऊन उभी राहिली होती. आत्याबाईंनी मान वर केली. बोटं पांढरी, डोळे वाहत होते, पण आवाज तोच, जरबेचा.

"बघती काय? दोघी रंडक्यांनी मिळून काढलीय. जा, सांग समद्या गावाला!"

मी उंबऱ्यावरचं गाठोडं उचललं आणि आत नेऊन त्याची गाठ सोडली.