घरटी एक सुई

आमच्या गावात कुठल्याही कामाला घरटी एक माणूस जायचं. ओढ्यातला गाळ काढायचा असो, आमच्या जैनांच्या बस्तीला, म्हणजे देवळाला, चुना लावायचा असो, नाहीतर दौऱ्यावर आलेल्या साहेबाचा तंबू ठोकायचा असो. घरातलं एक माणूस जाऊन आलं की ते घर मोकळं. त्यामुळे चिकोडीकडून सरकारी डॉक्टर प्लेगची सुई घेऊन आला तेव्हा पंचांनी तोच कायदा लावला, आणि त्यात कुणालाही काही वावगं वाटलं नाही. मला तरी कुठं वाटलं?

पहिल्या मोठ्या लढाईच्या आधीची ही गोष्ट. निपाणीत प्लेग शिरला होता, बाजार बंद पडला होता, आणि आमचं गाव तिथून अवघ्या दोन कोसांवर. तरी लोकांना प्लेगपेक्षा सुईचीच धास्ती जास्त. कुणी म्हणे सुई घेतली की पोर होत नाही, कुणी म्हणे तिसऱ्या दिवशी माणूस काळानिळा पडतो. आमच्या जैन घरांत आणखी निराळीच गोष्ट. त्या औषधात मांसाचा रस असतो, असं निपाणीहून आलेल्या एका व्यापाऱ्यानं सांगितलं होतं. तोंडानं खाल्लं काय आणि दंडातनं आत घातलं काय, पाप ते पापच! आम्ही घरातला उंदीरसुद्धा मारत नव्हतो, नुसता हुसकावत होतो.

डॉक्टर तीन दिवस चावडीत माशा मारत बसला. एकानंही दंड पुढं केला नाही. शेवटी त्यानं वर कळवायची धमकी दिली, तेव्हा पंचांनी घरटी एक माणूस कबूल केलं. डॉक्टर बिचारा मिळेल त्यात समाधान मानणारा. मग घराघरांत निवड सुरू झाली. कर्ता माणूस कुणीच धाडला नाही. एका घरानं बहिरा म्हातारा काका पाठवला, एकानं चक्क सालगडी घरचा म्हणून पुढं केला. आमच्याकडं निवडीला वेळ लागला नाही.

मी तेव्हा बावीस वर्षांची. चार वर्षांत मूल झालं नाही म्हणून नवऱ्यानं मला माहेरी आणून सोडलं आणि दुसरी करून घेतली. आईवडील नव्हते. थोरल्या भावाच्या, अण्णाच्या, घरात राहत होते त्याला तीन वर्षं होत आली होती. अण्णा कधी वाकडं बोलला नाही. वहिनी दोघांच्या वाटचं बोलायची.

त्या दिवशी अण्णा जेवताना म्हणाला, "तंबाखू कापाय आलाय. सुईनं दोन दिस ताप येतोय म्हंत्यात. माझा हात सुजला तर कसं व्हायचं?"

"तुमी कशाला जाताय?" वहिनी म्हणाली. "वन्सं हैत की. त्यांच्या मागं रडाय कोन हाय?"

अण्णानं भाकरीचा तुकडा तोंडात घातला. 'असं बोलू नगंस' एवढं तरी तो म्हणेल म्हणून मी वाट बघितली. तो तुकडा गिळून माझ्याकडं न बघता म्हणाला, "जाशील न्हवं गं?"

"जाते की. त्यात काय!" मी म्हणाले. मग गोठ्यामागं जाऊन पोटभर रडले.

चावडीवर निघाले तर अण्णाची पोर माझ्या पदराला धरून मागं लागली. सहा वर्षांची, एकुलती एक. तिची वेणी मीच घालायची, माझ्याच वाकळंत ती निजायची, आणि दिवसभर 'आत्ती, आत्ती' करत माझा जीव खायची. त्या घरात मला कुणी स्वतःहून हाक मारत असेल तर ती एकटी. म्हटलं, चल बाई.

चावडीत कुलकर्णी वही उघडून बसले होते. त्यांनी अण्णाच्या घराचं नाव लिहिलं आणि त्याखाली माझं. नवऱ्याचं नाव विचारलंच नाही. मी त्यांना ते पुन्हा वाचून दाखवायला लावलं. 'घरचं माणूस' असं म्हणून त्यांनी माझं नाव वाचलं. माहेरी परत आल्यापासून मला असं कुणी म्हटलं नव्हतं. मला फार बरं वाटलं. कुणी पाठवलं, कशासाठी पाठवलं, ते त्या घटकेला मी विसरूनच गेले.

डॉक्टरनं माझ्या दंडात सुई टोचली. वळून बघते तर पोरीनं पोलक्याची बाही खांद्यापर्यंत वर सारून हात पुढं केलेला.

"आता मला," ती म्हणाली.

डॉक्टर हसला. आमच्या गावात आपण होऊन हात पुढं करणारं हे पहिलंच माणूस त्याला भेटलं होतं. "टोचू का हिला? लहान आहे, थोडंच औषध देतो," त्यानं मला विचारलं.

मी नको म्हणाले.

लोकांना मी नंतर सांगत आले की वहिनीच्या भीतीनं नको म्हणाले. ते खोटं नाही. पोरीला काही झालं असतं तर मला त्या घरात उभं राहायला जागा उरली नसती. पण ते अर्धंच खरं. त्या दिवशी वहीत घरचं माणूस म्हणून मी होते, एकटी मी, आणि तो मान मला कुणाबरोबर वाटून घ्यायचा नव्हता, पोरीबरोबरसुद्धा नाही. असला दळभद्री मान! मी तिची बाही खाली ओढली. "आमच्या घरचं झालं," असं डॉक्टरला सांगून निघाले. पोर घरापर्यंत रडत आली. मी वैतागून तिला एक धपाटाही घातला.

मला ताप चढला. मांसाची सुई घेतलेली बाई स्वयंपाकघरात नको म्हणून वहिनीनं मला गोठ्यात जागा दिली आणि भाकरी वरून टाकायला लागली. बस्तीच्या उपाध्यांनीही आठ दिवस देवळात येऊ नको म्हणून सांगितलं. आमच्यात दिवस मावळल्यावर पाणीसुद्धा पीत नाहीत. म्हणून पोर उन्हं उतरायच्या आत तांब्या घेऊन यायची आणि मी पाणी संपवेपर्यंत उंबऱ्याशी बसायची. एकदा तिनं मला बराच वेळ न्याहाळलं.

"आत्ती, तू मेलीस तर मी रडीन की," ती म्हणाली.

मी तांब्या खाली ठेवला. मग मी तिला ओरडले, "पळ हितनं, मेले! तोंडाला काय येतंय ते बोलती."

ताप उतरला. पंधरा दिवसांनी आमच्या माळ्यावर उंदीर पडला. मेलेला उंदीर दिसला की घर सोडायचं, एवढं सगळ्यांना ठाऊक होतं. आम्ही रानात खोप घालून राहिलो. चौथ्या दिवशी पोर तापली. काखेत गाठ आली. अण्णा कापलेला तंबाखू तसाच टाकून डॉक्टरला शोधायला धावला. दोन गावं पालथी घालून संध्याकाळी एकटाच परत आला.

"आता सुईचा उपेग न्हाय म्हणाला," तो म्हणाला. "आधी घ्याय लागती."

माझ्याकडं त्यानं बघितलं नाही. तिसऱ्या दिवशी दुपारी पोर माझ्या मांडीवर गेली. आठवडाभरानं वहिनी गेली. शेवटपर्यंत वहिनीला पाणी मीच पाजलं आणि तिनं ते घेतलं. मला साधी शिंकही आली नाही. "टाकलेली तेवढी ऱ्हायली बघा," असं शेजारच्या खोपीतली बाई मला ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं म्हणाली.

आम्ही दोघं घरी परतलो. पोरीनं चावडीत हात पुढं केला होता, ही गोष्ट कुलकर्ण्यांनी गावभर केली होती. अण्णाला ती कळली होती, आणि त्याला कळली आहे हे मला कळलं होतं. आज विचारेल, उद्या विचारेल, म्हणून मी वाट बघायची. त्यानं ओरडावं, हात धरून घराबाहेर काढावं, असं वाटायचं. तो जेवायचा आणि रानात जायचा. बैल, मीठ, पाऊस, एवढंच बोलणं. दुसरं लग्न कर म्हणून लोकांनी मागं लागून बघितलं. तो ऐकून घ्यायचा आणि उठून जायचा. दिवसभर घरात कुणाचा आवाज नसायचा. मला फार एकटं वाटायचं. भाकरी थापताना मी आपली आपल्याशीच बोलायला लागले होते. त्यालाही एकटं वाटत असणार, पण एका घरात राहून आम्ही एकमेकांना ते सांगितलं नाही.

अशी पाच वर्षं गेली. मग निपाणीत पुन्हा प्लेग आला आणि पुन्हा सुई आली, डॉक्टर दुसरा. या खेपेला घरटी एकची भाषा कुणी काढली नाही. चावडीपासून पार वेशीपर्यंत माणसं उभी होती, पोरंबाळं कडेवर घेऊन. मांसाचं नावही कुणी घेतलं नाही. मी सकाळीच सुई घेऊन आले. अण्णा दुपारी रानातनं परस्पर गेला.

परत आला तो दंड धरून सोप्यात बसला. मी पाण्याचा तांब्या पुढं ठेवला. त्यानं तो उचलला नाही. बाही वर करून टोचल्या जागेकडं तो बघत राहिला.

"पोरीला लई दुखलं असतं गं," तो म्हणाला.

पाच वर्षांत त्यानं तिचा विषय पहिल्यांदा काढला होता. मी किती उत्तरं तयार करून ठेवली होती! रडून सांगायची वेगळी, भांडून सांगायची वेगळी. जेवता जेवता मला तूच धाडलंस, असंही त्याच्या तोंडावर फेकायचं ठरवलं होतं. सुई काही एवढी दुखत नाही. मला ठाऊक होतं, आणि तो तर आत्ताच घेऊन आला होता.

"व्हय अण्णा," मी म्हणाले. "लई दुखलं असतं."